शेवटच्या सेकंदाला बिड टाकूनही कार्ड हातचं जातं? आधी हे तपासा

प्रॉब्लेम सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. ईबेवर सात दिवसांचा लिलाव, सचिनचं नव्वदच्या दशकातलं एखादं कार्ड किंवा जुन्या टीमच्या सह्यांची बॅट, तुम्ही पहिल्याच दिवशी वॉचलिस्टमध्ये टाकून गुपचूप बसलात, कुणाला पत्ता लागू दिला नाही, शेवटच्या रात्री अलार्म लावून उठलात, पाच सेकंद राहिले तेव्हा बिड मारली आणि लगेच समोर आलं की तुम्ही आउटबिड झालात. वर विकली गेलेली किंमत बघितली तर तुमच्यापेक्षा फक्त एक डॉलर जास्त! एकदा झालं तर नशीब म्हणून सोडून देता येतं, पण दर वेळी असंच व्हायला लागलं की माणूस म्हणतो समोर बॉट आहे, आपलं नेट स्लो आहे, सेलरच आतून खेळतोय, आणि पुढच्या वेळी पाचऐवजी दोन सेकंदांवर बिड मारतो आणि परत तेच होतं.

सेकंद कमी करून हे सुटत नाही. बहुतेक केसेसमध्ये घड्याळाचा संबंधच नसतो, तुम्ही टाकलेल्या आकड्याचा असतो. काही थोड्या केसेसमध्ये खरंच टेक्निकल घोळ असतो आणि अगदी मोजक्या केसेसमध्ये लबाडी. तुमचं नेमकं काय झालंय ते शोधायला लिलाव संपल्यावर बिड हिस्ट्री उघडायची, जी जवळपास कुणीच उघडत नाही, सगळे चिडून टॅब बंद करतात.

बिड हिस्ट्री कशी वाचायची

ईबेवर तुम्ही जो आकडा टाकता तो तुमची किंमत नसते, तो तुमचा मॅक्स असतो. सिस्टम तुमच्या वतीने गरजेपुरतंच वर चढते, म्हणजे दोन नंबरवाल्याच्या मॅक्सपेक्षा एक पायरी वर. या पायऱ्या ठरलेल्या आहेत: अमेरिकन साइटवर २५ ते ९९.९९ डॉलरमध्ये पायरी १ डॉलरची, १०० ते २४९.९९ मध्ये अडीच डॉलरची, २५० ते ४९९.९९ मध्ये ५ ची, ५०० च्या वर १० ची, हजाराच्या वर २५ ची.

आता समजा कार्ड ५२ डॉलरवर दिसत होतं. तुम्ही शेवटी ८० टाकले. हरलात, आणि कार्ड ८१ ला गेलं. तुम्ही म्हणता एका डॉलरने हरलो. कशावरून? जिंकणाऱ्याचा मॅक्स ८१ असेल, १५० असेल नाहीतर ३०० असेल, स्क्रीनवर ८१ च दिसणार, कारण ८१ हा तुमच्या ८० ची पुढची पायरी आहे, त्याचा खरा आकडा नाही. हिस्ट्रीमध्ये हरलेल्यांचे आकडे पूर्ण दिसतात, जिंकलेल्याचा कधीच पूर्ण दिसत नाही. त्यामुळे "८२ टाकले असते तर मिळालं असतं" हा जो पश्चात्ताप असतो ना, तो बहुतेक वेळा निराधार असतो.

खरंच थोडक्यात हरलात हे कधी समजायचं, तर किंमत पायरीवर न थांबता मध्येच कुठेतरी थांबली असेल तेव्हा. म्हणजे तुमचे ८० आणि कार्ड गेलं ८०.३७ ला. त्या वेळी जिंकणाऱ्याचा पूर्ण मॅक्सच ८०.३७ होता, एक अख्खी पायरी चढायला त्याच्याकडे पैसेच उरले नव्हते म्हणून सिस्टमने त्याचा आकडा जसाच्या तसा घेतला. अनुभवी लोक ८० न टाकता ८१.३७ किंवा ८३.११ असे वेडेवाकडे आकडे टाकतात ते एवढ्यासाठीच, कारण बाकीचं जग गोल आकडे टाकतं. दोघांनी अगदी सारखाच आकडा टाकला तर ज्याने आधी टाकला तो जिंकतो, आणि स्नायपिंग करणारा, म्हणजे शेवटच्या सेकंदांत बिड टाकणारा, कायम नंतरचा असतो, हे लक्षात ठेवा. गोल आकडा टाकणाऱ्या स्नायपरला बरोबरीचा फायदा कधीच मिळत नाही.

मग वेळेचा कॉलम बघा, तिथे सेकंदापर्यंत वेळ दिलेली असते. जिंकणाऱ्याची बिड तीन दिवसांपूर्वीची असेल तर तुमच्या शेवटच्या सेकंदाला काही अर्थच नव्हता. तो माणूस आकडा लावून झोपला होता, तुम्ही पाच सेकंद आधी आलात काय नि पाच तास आधी आलात काय, तुमचा मॅक्स त्याच्यापेक्षा कमी होता, विषय संपला. आणि त्याची बिड तुमच्यानंतर दोन सेकंदांनी आली असेल तरीही निदान तेच! तुमचा मॅक्स जास्त असता तर त्याची बिड आल्या आल्या पडली असती. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं शेवटी हात घातला तो जिंकला. शेवटी हात घातलेला जिंकतो कबड्डीत, इथे मोठा मॅक्स जिंकतो.

मग स्नायपिंग करायचंच कशाला

करायचं, पण ते कशासाठी असतं ते समजून. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की जिंकणाऱ्याला दुसऱ्या नंबरची किंमत द्यावी लागणार असेल तर आपला खरा आकडा सरळ सांगून टाकणंच शहाणपणाचं असतं. त्या हिशोबाने ईबेवर पहिल्या दिवशीच मॅक्स टाकून मोकळं व्हायला हवं. पण प्रत्यक्षात माणसं तशी वागत नाहीत. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि त्या काळी अ‍ॅमेझॉनवर जे लिलाव चालायचे त्यांची तुलना केली. ईबेचा लिलाव ठरलेल्या वेळी धाडकन बंद होतो, अ‍ॅमेझॉनवर शेवटी बिड आली तर वेळ दहा मिनिटांनी पुढे सरकायची. ईबेवर शेवटच्या मिनिटांत झुंबड, अ‍ॅमेझॉनवर ती जवळपास नाहीच. म्हणजे शेवटच्या सेकंदाची खोड माणसांना नियमानेच लावली.

फायदा दोन ठिकाणी होतो. एक, समोर जो थोडं थोडं वाढवत नेणारा माणूस असतो, ज्याने आपला मॅक्स ठरवलेलाच नसतो आणि आउटबिड झाल्याचं नोटिफिकेशन आलं की इरेला पेटून अजून पाच डॉलर टाकतो, त्याला उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. दोन, तुम्हाला वस्तूबद्दल काहीतरी माहीत आहे जे इतरांना नाही, आणि तुम्ही आधी बिड टाकली तर ते उघडं पडतं. कलेक्टिबल्समध्ये हे दुसरं फार महत्त्वाचं. आपल्याकडच्या ग्रुपमध्ये एक-दोन जाणकार असतात, त्यांनी कशावर बिड टाकली एवढं जरी कळलं तरी चार जण तिकडे धावतात.

पण ज्याने आपला खरा मॅक्स आधीच लावून ठेवलाय त्याच्यासमोर स्नायपिंगचा उपयोग शून्य. हरण्याचं प्रमाण जास्त असेल तर दोनच शक्यता: तुमचा आकडा बाजारापेक्षा कमी आहे, किंवा तुम्ही खरा आकडा टाकतच नाही, दिसणाऱ्या किमतीच्या थोडंसं वर टाकताय. दुसरी सवय सगळ्यात जास्त दिसते. कार्ड ५२ वर आहे म्हणून ५५ टाकायचे, "स्वस्तात मिळालं तर मिळालं". मग त्याच सेकंदाला अजून दोन स्नायपर येतात, किंमत ६८ होते, तुमची ५५ ची बिड हरत पण नाही, स्वीकारलीच जात नाही, किमान अमुक टाका असा मेसेज येतो आणि तो वाचेपर्यंत लिलाव संपलेला असतो. ज्यांना वाटतं "माझी बिड गेलीच नाही, साइट हँग झाली" त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं.

मॅक्स काढायचा कसा

उलटीकडून. वस्तू तुमच्या घरी पोचल्यावर एकूण किती रुपयांची पडली तर चालेल तो आकडा आधी ठरवा. समजा १५,००० रुपये. त्यातून शिपिंग समजा २,२००, कस्टम आणि टॅक्स आणि कुरियरवाल्याची हाताळणी फी धरून समजा ३,५००, बँक कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनात पैसे भरल्याची फी, ३००. उरले ९,०००. डॉलर ९० धरला तर १०० डॉलर. हा तुमचा मॅक्स, मग तो १०१.३७ करा. शिपिंग आणि कस्टमचे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, ते दर लिस्टिंगला वेगळे असतात, काही सेलर आयात खर्च आधीच दाखवतात, काही वेळा कुरियरवाला दारात येऊन मागतो. पण हे गणित लिलाव संपायच्या आदल्या दिवशी करायचं, पहाटे उठून डोळे चोळत नाही.

बाजारभावासाठी विकल्या गेलेल्या लिस्टिंगचा फिल्टर लावा, चालू असलेल्यांचा नाही. चालू लिस्टिंगवर माणूस काहीही किंमत लावून बसतो. साधारण तीन महिन्यांमागपर्यंतचं तिथे दिसतं. जिथे बेस्ट ऑफर, म्हणजे घेणाऱ्याने मागितलेली कमी किंमत, स्वीकारली गेली तिथे किमतीवर काट मारलेली दिसते, खरी किंमत त्यापेक्षा कमी असते, तो आकडा हिशोबात धरू नका. आणि ग्रेड जुळवा, पीएसए ही कार्डाची अवस्था तपासून गुण देणारी कंपनी, तिच्या ९ गुणांच्या कार्डाची किंमत बघून बिना ग्रेडच्या कार्डावर बिड टाकणारे लोक आहेत, काय बोलणार.

बातम्यांमधल्या किमती तर अजिबात धरू नका. शेन वॉर्नची बॅगी ग्रीन टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली, पण तो लिलाव वणव्यातल्या नुकसानग्रस्तांच्या मदतीसाठी होता आणि घेणारी होती कॉमनवेल्थ बँक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द ब्रॅडमनची पहिल्या टेस्टच्या वेळची टोपी ४,५०,००० ला गेली, म्हणजे निम्म्याहून कमी. आता ब्रॅडमन वॉर्नच्या निम्मा का? नाही ना. वानखेडेवर २०११ च्या फायनलला धोनीने वापरलेली बॅट लंडनमध्ये १ लाख पाउंडांना गेली ती पण चॅरिटीतच. २०२१ मध्ये पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंच्या ई-लिलावात नीरज चोप्राचा भाला दीड कोटीला गेला, पैसे नमामि गंगेला आणि घेणारी बीसीसीआय. अशा ठिकाणी घेणारा वस्तूसोबत अजून बरंच काही विकत घेत असतो, त्यावरून तुमच्या सही केलेल्या चेंडूची किंमत काढायची नसते.

खरोखरचे टेक्निकल घोळ

हिस्ट्रीत तुमची बिडच दिसत नसेल तर मामला वेगळा. त्यात नेहमी सापडणाऱ्या गोष्टी सांगतो.

लॉगिन. तुम्ही साइटवर आत आहात असं दिसतं पण बिड कन्फर्म करताना ती पुन्हा पासवर्ड मागते किंवा फोनवर कोड पाठवते, आणि चार सेकंदांत ओटीपी येऊन टाकून होत नाही. दहा मिनिटं आधी बाहेर पडून पुन्हा आत या. सिम दुसऱ्या फोनमध्ये असेल तर तो फोन हाताशी ठेवा.

दोन टप्पे. आकडा टाकणं आणि कन्फर्म करणं वेगळं असतं. आकडा एक मिनिट आधीच टाकून कन्फर्मच्या पानावर थांबून राहायचं आणि वेळ आली की एकच क्लिक.

सेलर भारतात पाठवतच नाही. हे शेवटच्या क्षणी कळतं आणि फार जिवाला लागतं. बऱ्याच सेलर लोकांनी सेटिंगमध्ये काही देश बंद केलेले असतात, तिथून बिड घेतलीच जात नाही. पहिल्या दिवशीच शिपिंगचा रकाना वाचा, शंका असेल तर सेलरला मेसेज टाका. न्यू जर्सीत भाऊ-वहिनी आहेत, त्यांच्या पत्त्यावर मागवू असं ठरवलं असेल तर तो पत्ता आधीच अकाउंटला जोडून ठेवा, जिंकल्यावर पत्ता बदलायला गेलं की सेलर बिचकतात. शिवाय वहिनींना आधी सांगा हो, त्यांच्या दारात अनोळखी पार्सल येतात आणि इकडे आपण ट्रॅकिंग रिफ्रेश करत बसतो.

घड्याळ. ब्राउझरमधला काउंटडाउन आणि सर्व्हरची वेळ यात फरक पडू शकतो, जास्त करून टॅब अर्धा तास तसाच पडून असेल तर. शेवटच्या मिनिटात एकदा रिफ्रेश करा. आणि हाताने मारत असाल तर आठ ते दहा सेकंद ठेवा. दोन सेकंदांवर मारून काहीही जास्तीचं मिळत नाही, कारण दहा सेकंदांत समोरच्याला नोटिफिकेशन येऊन, उघडून, आकडा ठरवून, टाकून, कन्फर्म करणं तसंही जमत नाही. तुम्ही मात्र लोकलमध्ये उभं राहून मोबाइल डेटावर दोन सेकंदांचा जुगार खेळत असता.

टाइम झोनचा घोळ तर दर वर्षी ठरलेला. ईबेच्या अमेरिकन साइटचं घड्याळ पॅसिफिक वेळेचं. आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे तिकडे रविवारी संध्याकाळी ६ ला संपणारा लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी ६:३० ला किंवा ७:३० ला. ब्रिटिश साइटवर रविवारी रात्री ८ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा किंवा दीड. जुनी क्रिकेट कार्डं, विल्स आणि प्लेयर्सची सिगारेटच्या पाकिटातली, रणजितसिंहजींची वगैरे, ही बहुतेक ब्रिटिश साइटवरच निघतात, त्यामुळे हे पाठ असलेलं बरं. आणि दोन्ही देश घड्याळ एकाच दिवशी बदलत नाहीत: अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, ब्रिटन मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबरअखेर सवयीने लावलेला अलार्म एक तास चुकतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या देशाची वेळ टाकून इव्हेंट बनवा, बाकीचं फोन बघेल.

पहाटे उठायचंच नसेल तर स्नायपिंगची टूल्स आहेत, गिक्सन बऱ्याच वर्षांपासून लोक वापरतात, फुकटही चालतं. ईबेच्या नियमांत शेवटी बिड टाकायला मनाई नाही. पण अशा टूलला तुमचं ईबेचं लॉगिन द्यावं लागतं, त्यामुळे तो पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरलेला नसावा, आणि दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू असेल तर टूल अडकतंय का ते पाच डॉलरच्या एखाद्या किरकोळ कार्डावर आधी तपासून बघा. टूलचा खरा फायदा वेगळाच आहे, आकडा संध्याकाळी शांत डोक्याने टाकला जातो आणि पहाटे तुम्ही झोपलेले असल्यामुळे तो वाढवत नाही.

सगळं बरोबर करूनही "रिझर्व्ह पूर्ण झाला नाही" असं आलं तर ती तुमची चूक नाही. सेलरने आतला किमान भाव लपवून ठेवलेला असतो, सगळ्यात मोठा मॅक्स त्याच्या खाली राहिला की वस्तू कुणालाच मिळत नाही. रिझर्व्हवाल्या लिस्टिंगवर आधीच एक बिड टाकून अंदाज घेतलेला परवडतो, तुमचा मॅक्स रिझर्व्हच्या वर असेल तर दिसणारी किंमत सरळ तिथे उडी मारते आणि मग निदान कळतं तरी.

जिथे शेवटचा सेकंद नसतोच

मोठ्या स्पोर्ट्स ऑक्शन हाऊसेसकडे ईबेची पद्धत चालत नाही, आणि तिकडे पहिल्यांदा गेलेले आपले लोक हमखास आपटतात. हेरिटेजच्या स्पोर्ट्स लिलावात रात्री दहानंतर, तिकडच्या सेंट्रल वेळेप्रमाणे, वाढीव बिडिंग सुरू होतं, आणि त्यात भाग घ्यायचा असेल तर त्या लॉटवर, म्हणजे त्या वस्तूवर, तुमची दहाच्या आधी एक तरी बिड असावी लागते. स्नायपर काय करतो, शेवटपर्यंत लपून बसतो, दहा वाजतात आणि दार बंद. शेवटी बिड आली की घड्याळ पुन्हा पुढे सरकतं, त्यामुळे तिथे सेकंदाला काही किंमतच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बेसबॉलपटू बेब रूथची १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली जर्सी तिथेच २४.१२ दशलक्ष डॉलरला गेली, बिडिंग मध्यरात्र उलटेपर्यंत चाललं होतं. गोल्डिनकडेही वेळ वाढण्याचीच पद्धत आहे, २०२४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं म्हणून तिथे ईबेसारखं चालेल असं समजू नका.

या ठिकाणी करायचं एवढंच: लॉटवर आधी एक छोटी बिड टाकून जागा धरून ठेवा, नंतर मॅक्स लावा आणि झोपा. आणि बायर्स प्रीमियम, म्हणजे जिंकलेल्या किमतीवर हाऊस घेणाऱ्याकडून लावतं ते कमिशन, विसरू नका, तो साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतो, हाऊसप्रमाणे कमी-जास्त. १,००० डॉलरला जिंकलात तर बिल १,२०० चं, शिपिंग वेगळं. काही साइटवर दाखवलेली किंमत प्रीमियमसकट असते, काहींवर सोडून, हे प्रत्येक ठिकाणी नियम उघडून बघायला लागतं.

लबाडीची शंका

दर हरलेल्या लिलावाला शिल बिडिंग, म्हणजे सेलरच्याच माणसाने किंमत चढवायला टाकलेल्या खोट्या बिड्स, म्हणू नका. पण ते होत नाही असंही नाही. अमेरिकेतला बिल मास्ट्रो, एके काळी या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव, त्याने २०१३ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यात खोट्या बिड्स लावून किमती चढवणं होतं आणि जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बेसबॉल कार्डाच्या, होनस वॅग्नरच्या कार्डाच्या, कडा कापल्याचंही होतं. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

तुमच्या केसमध्ये काय बघायचं तर हिस्ट्रीतल्या बिडरवर क्लिक करा, नाव झाकलेलं असतं पण गेल्या ३० दिवसांचा सारांश दिसतो. त्याच्या जवळपास सगळ्या बिड्स याच एका सेलरवर आहेत, बिड मागे घेण्याचं प्रमाण जास्त आहे, फीडबॅक शून्य किंवा दोन, असं एकत्र दिसलं तर सावध. एकेक सुटं दिसलं तर त्याला फारसा अर्थ नाही, नवा कलेक्टर पण एकाच सेलरवर प्रेम करतो.

अजून एक खूण म्हणजे सेकंड चान्स ऑफर. तुम्ही हरलात आणि थोड्याच वेळात सेलरकडून आलं की जिंकणारा मागे हटला, तुमच्या मॅक्सला घ्या. ही सोय अधिकृत आहे आणि जिंकणारे खरंच पैसे बुडवतात, त्यामुळे एकदा आली तर आनंदाने विचार करा. पण एकाच सेलरकडून पुन्हा पुन्हा येत असेल तर समजून जा की तुमचा मॅक्स किती आहे ते कोणीतरी चाचपून बघितलं आणि चुकून तुमच्या वर गेलं. मला विचाराल तर अशा सेलरला मॅक्स द्यायचा नाही, त्या खोट्या बिडरला सोडून जो खरा दोन नंबर होता त्याच्या वरची पायरी सांगायची, नको म्हणाला तर राम राम. आणि ऑफर अकाउंटच्या मेसेजमध्ये दिसत नसेल, फक्त ईमेलवर आली असेल, तर लिंकवर क्लिकच करू नका.

जिंकलात तर पैसे चार दिवसांत द्यायचे असतात, आणि इथे आपल्याकडची एक भानगड आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर परदेशातला वापर बंद अवस्थेतच येतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करायला लागतो आणि लिमिट पण लावायला लागतं. पेमेंट तीनदा फेल झालं की सेलर वैतागतो. हे लिलावाच्या आधीच करून ठेवा. पूर्वी ईबेची भारतीय साइट होती तेव्हा हे सगळं रुपयांत व्हायचं, ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली.

स्नायपिंग जिथे खरंच कमाल करतं

चुकीच्या स्पेलिंगच्या लिस्टिंगवर. तेंडुलकर, गावसकर, वेंगसरकर ही नावं परदेशी सेलर लोक काय वाटेल तशी लिहितात, कधी एक अक्षर खातात, कधी आडनावाच्या जागी नुसतं "इंडियन क्रिकेटर" लिहून मोकळे होतात. शोधणाऱ्यांना ते सापडतच नाही, त्यामुळे मोठा मॅक्स लावून झोपलेला माणूस तिथे नसतो. चार-पाच चुकीची स्पेलिंग सेव्ह्ड सर्चमध्ये टाकून ठेवा, सूचना आपोआप येतात.

फक्त अशा लिस्टिंगवर एक बिड पण नसेल तर सेलर ती कधीही बंद करू शकतो किंवा शीर्षक सुधारू शकतो, आणि कोणीतरी मेसेज करून "बाय द वे हे अमुक आहे" सांगणारा भेटतोच. म्हणून माझी पद्धत अशी की लिलावाला तीन दिवसांपेक्षा जास्त उरले असतील तर अगदी सुरुवातीच्या किमतीची एक बिड टाकून ठेवायची, त्याने बाय इट नाऊचं, म्हणजे ठरलेल्या किमतीला लगेच घेण्याचं, बटण असेल तर तेही बहुतेक वेळा निघून जातं, आणि खरा आकडा शेवटच्या दहा सेकंदांत. एक दिवसच उरला असेल तर हातच लावायचा नाही, नुसतं टूलमध्ये टाकायचं.